उन्हाळ्यात डोंगर बंद करू नका, हिवाळ्याचा वेग बंद करा

तुमच्या प्रश्नात चार प्रश्न आहेत, ते आधी एकत्र मांडतो. वय ४२, आठवडाभर एसी ऑफिसात बैठं काम, हिवाळ्यात दर रविवारी डोंगरात दहा-बारा किलोमीटर. ऊन तापायला लागलं की दोन रविवार नेटानं जाता. दोन्ही वेळा डोकं ठणकतं, मळमळतं, दुसरा दिवस अंथरुणात जातो. मग उन्हाळाभर सगळं बंद, आणि ऊन उतरलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुम्ही विचारलंत की पाणी किती न्यावं, टोपी-कपडे कसले घ्यावेत, मिठाच्या गोळ्यांचा उपयोग होतो का आणि दहा वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावं का. जाता जाता एक वाक्य टाकलंत : ‘साडेतीन तासांत चार लिटर पाणी प्यायलो, तरी डोकं दुखलंच.’ त्या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे.

मी डॉक्टर नाही. लोकांना डोंगरात घेऊन जाणं आणि सुखरूप परत आणणं हे माझं काम, आणि त्यातली बरीचशी वर्षं उन्हाळी शिबिरांत गेली आहेत. तेव्हा पुढचं सगळं त्या अनुभवातून आणि त्यासाठी जे वाचावं लागलं त्यातून आलेलं आहे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ॲलर्जीची झोप आणणारी औषधं, मानसिक आजारांवरची काही औषधं, हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं, गरोदरपण, नुकताच येऊन गेलेला ताप किंवा जुलाब यांपैकी काहीही असेल तर गणित बदलतं. ते तुमच्या डॉक्टरांशीच बोलून ठरवा. तुम्ही औषधांचा उल्लेख केलेला नाही, म्हणून तब्येत ठणठणीत आहे असं धरून चालतो.

तुमचे प्रश्न सामानाचे आहेत, पण अडचण सामानाची दिसत नाही. चालताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली फार तर पाव हिस्सा पाऊल पुढे टाकायला लागते. उरलेली सगळी उष्णता होऊन अंगातच राहते. बसल्या जागी शरीर शंभर वॉटच्या आसपास उष्णता तयार करतं. सत्तर किलोचा माणूस चढावर हिवाळ्यातल्या जोशात चालला तर तोच आकडा चारशेच्या घरात जातो. ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर दर दहा मिनिटांना अंगाचं तापमान एका अंशानं वाढेल. हिवाळ्यात ती गार हवेला सहज देऊन टाकता येते, त्यामुळे तुम्हाला तिचा पत्ताही लागत नाही. उन्हाळ्यात हवा पस्तीसच्या पुढे गेली की ती कातडीपेक्षा गरम होते. मग हवा तुमच्याकडून उष्णता घेत नाही, उलट देते, आणि वरून ऊन असतंच. एकच वाट उरते, ती म्हणजे घाम वाळण्याची.

वाळण्याची, हे लक्षात ठेवा. एक लिटर घाम अंगावर वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे वरचे चारशे वॉट घालवायला तासाला साधारण सहाशे मिलिलिटर घाम वाळायला हवा. हनुवटीवरून टपकलेला, पाठीवरून पट्ट्यात मुरलेला घाम काहीही थंड करत नाही. तो नुसता पाणी आणि मीठ घेऊन जातो. दमट हवेत अंग निथळतं आणि तरी तलखी कमी होत नाही, त्याचं कारण हेच.

म्हणून मोबाइलवर नुसतं तापमान बघून रविवार ठरवू नका. तो आकडा सावलीतला असतो. जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. तुम्ही त्या पेटीत चालत नाही. माणसाला उष्णता खरोखर किती बाधते हे मोजायचं माप अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर रंगरूट उन्हानं कोसळायला लागले त्या काळात तयार झालं. याग्लू आणि मिनार्ड या दोघांनी ते १९५७ मध्ये मांडलं. त्याला वेट बल्ब ग्लोब तापमान म्हणतात. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन आहे, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि आपल्या नेहमीच्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के. ज्या आकड्यावरून सगळे घाबरतात किंवा खूश होतात, त्याला सगळ्यात कमी मत.

उदाहरण घ्या. एके दिवशी ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के. ओल्या फडक्याचा तापमापक साधारण २१ दाखवेल. दुसऱ्या दिवशी ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के. तिथे तोच २७ च्या वर जाईल. सावलीच्या वाटेनं जायचं असेल तर मी पहिल्या दिवशी लोकांना आनंदानं नेईन, भरपूर पाणी देऊन. दुसऱ्या दिवशी अंतर निम्मं करीन. नवशिके मात्र बरोबर उलटं करतात : ‘आज ३२ च आहे’ म्हणून मोठा मार्ग धरतात. तुमच्या ॲपमध्ये आर्द्रता दिसते, तेवढी बघायची सवय लावून घ्या.

आता तुमच्या दोन फसलेल्या रविवारांकडे येऊ. माझा अंदाज असा की तुम्ही अंगाला उन्हाची सवय न लावताच उतरलात, आणि तेही हिवाळ्याच्या वेगानं. शरीर उन्हाला सरावतं, आणि हा सराव मनाचा नाही, अंगात घडणारे ठोस बदल असतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे तेवढ्याच कामाला हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. पुढच्या आठवड्यात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. एकूण दहा ते चौदा दिवस लागतात. अट एकच, की रोज किंवा जवळजवळ रोज तासभर अंग तापायला हवं. आठवड्यातून एकदा केलेला पराक्रम इथे उपयोगाचा नाही, कारण सहा दिवस एसीत बसल्यावर सातव्या दिवशी शरीर पुन्हा नवखंच असतं. कमावलेला सरावसुद्धा दोन-तीन आठवडे सोडला की बराचसा ओसरतो.

उन्हात काम करणाऱ्या मजुरांसाठी अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं घालून दिलेला एक नियम मला फार आवडतो, कारण तो कुणालाही पाळता येतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम द्यायचं आणि पुढे रोज जास्तीत जास्त २० टक्क्यांनी वाढवायचं. ज्यांचं काम कसलेल्या अंगाचं आहे त्यांच्यासाठी ही सावधगिरी, आणि आपण खुर्चीतून उठून थेट शंभर टक्क्यांना हात घालतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय? रविवारचा विचार दोन आठवडे बाजूला ठेवा. संध्याकाळी कामावरून आल्यावर, ऊन कललेलं पण हवा अजून गरम असताना चालायला बाहेर पडा. पहिले दोन-तीन दिवस वीस मिनिटं. सपाटीवर, गप्पा मारता येतील अशा चालीनं. मग तीस, मग चाळीस. दुसऱ्या आठवड्यात तास भरू द्या आणि त्यात एखादी चढण किंवा जिने येऊ द्या. अंग तापलं पाहिजे, घाम आला पाहिजे, पण घरी आल्यावर अर्ध्या तासात माणूस पूर्ववत झाला पाहिजे. तसं होत नसेल तर दुसऱ्या दिवशी वाढवू नका, तेवढंच करा. रात्री झोप नीट झाली नसेल, पोट बिघडलं असेल किंवा आदल्या रात्री दारू झाली असेल, तर त्या दिवशी सुट्टी. पहाटेच चालायची सवय असेल तर ती जरूर ठेवा. मात्र गारव्यात चालून उन्हाचा सराव होत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

मग पहिला डोंगर. हिवाळ्यातल्या निम्म्या अंतराचा, ओळखीचा, सावलीचा आणि अर्ध्यातून परतता येईल असा. वेग ठरवायला घड्याळाची गरज नाही. चढावर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला, की तुमची भट्टी गरजेपेक्षा जोरात पेटलेली आहे. उन्हाळ्यात मी गटाला चढावर इतकं हळू नेतो की पहिला अर्धा तास लोक वैतागतात. तरुण मुलं पुढे पळायला बघतात, त्यांना मागची सॅक उचलायला देतो.

थांबा घेतला की नाडीसुद्धा बघतो. बसल्यावर एक मिनिट जाऊ द्यायचं, मग मनगटावर तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं. आकडा ११० च्या वर असेल तर पुढचा चालण्याचा टप्पा एक तृतीयांशानं कमी. म्हणजे तीस मिनिटं चालून थांबत असू तर आता वीस मिनिटांनी थांबायचं. हा नियमही मजुरांसाठीच्या सूचनांमधलाच, आणि तो चालतो. लोक ‘मी एकदम ओके’ म्हणत असतात आणि मनगट १२८ सांगत असतं. पुढच्या थांब्यालाही आकडा खाली येत नसेल तर त्या दिवशी तो माथा आमच्यासाठी नाही.

गटात मी आणखी एक गोष्ट बघत असतो, ती तुम्हालाही बघता येईल. ऊन लागायला लागलेला माणूस क्वचितच सांगतो. तो आधी गप्प होतो. मग नाव घेऊन हाक मारली तर उत्तर एका क्षणाच्या उशिरानं येतं. मग सोप्या, सपाट जागी पाय अडखळतो, किंवा बाटलीचं झाकण लावताना दोनदा चुकतं. पाण्याला ‘नको’ म्हणतो आणि उगाच चिडतो. या पायरीला सावलीत बसवून, बूट-मोजे काढून, डोकं-मान-हात भिजवून वारा घातला तर बहुतेक जण वीस-तीस मिनिटांत माणसात येतात. पण आले तरी त्या दिवशी पुढे जायचं नाही, परतायचं. बरं वाटलं म्हणून पुन्हा चढ धरणाऱ्यांनीच मला जास्त त्रास दिलेला आहे.

इथवरचं थोडक्यात : आधी दोन आठवड्यांचा सराव, मग बोलता येईल असा वेग, मग आर्द्रता बघून अंतर. पाणी आणि टोपी यांचा नंबर त्यानंतर.

आता पाणी. ‘माणशी इतके लिटर’ असं ठोक उत्तर मी देत नाही, कारण माणसामाणसांत फार फरक असतो. त्याच वाटेवर, त्याच वेगानं एकाला तासाला अर्धा लिटर घाम येतो आणि दुसऱ्याला दीड. तुमचा आकडा घरीच काढा. चालायला जायच्या आधी लघवी करून, कपडे काढून वजन करा. तासभर चाला. आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन करा. मध्ये पाणी प्यायला असाल तर तेवढं जमेस धरा. जितके किलो घटले तितके लिटर घाम गेला. समजा वजन ६०० ग्रॅमनं घटलं आणि मध्ये ३०० मिली पाणी प्यायलात, तर तासाला ९०० मिली. एकदा दमट दिवशी आणि एकदा कोरड्या दिवशी करून बघा, म्हणजे अंदाज पक्का होतो. घाम गेला तेवढा सगळा चालता चालता भरून काढायची गरज नसते. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घट बहुतेकांना सोसते, ती नंतर जेवणाबरोबर भरून निघते.

आणि आता तुमचे ते चार लिटर. साडेतीन तासांत चार लिटर म्हणजे तासाला जवळपास १.१ लिटर. तुमचा घाम तेवढा जात असेल तर ठीक. पण सरावलेलं नसलेलं शरीर घाम कमी आणि खारट टाकतं. घाम सातशे मिली आणि पाणी अकराशे असं झालं असेल, तर तुम्ही कोरडे पडला नव्हता. तुमचं रक्त पातळ होत होतं, त्यातलं सोडियम उतरत होतं. गंमत म्हणजे याचीही लक्षणं डोकेदुखी, मळमळ आणि गळून जाणं हीच. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो आणि आणखी बिघडतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं, आणि त्याचा सगळ्यात जवळचा संबंध धावताना वजन वाढण्याशी होता. म्हणजे घाम गेला त्याहून जास्त प्यायलेले लोक. तुमचं असंच झालं असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण परत आल्यावर अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट वाटत होता का, लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि वारंवार होत होती का, हे आठवून बघा. तसं असेल तर पुढच्या वेळी आणखी पाणी हा उपाय नव्हे. उलट तोंडाला कोरड, गडद पिवळी लघवी आणि वजनात घट असेल तर पाणी कमीच पडलं होतं.

साधा मार्ग असा : तहानेला मान द्या. तहान नसताना जबरदस्तीनं ढोसू नका आणि तहान लागल्यावर ‘पुढच्या थांब्याला बघू’ म्हणून पुढेही ढकलू नका. घोट घोट घ्या, एका वेळी दीडशे-दोनशे मिली. पाणी मात्र हिशेबापेक्षा एक लिटर जास्त न्या, कारण ते पिण्यासाठीच नसतं, कुणाच्या तरी डोक्यावर ओतायलाही लागतं.

मिठाच्या गोळ्या नकोत. पोटात ढवळतं, आणि नीट जेवणाऱ्या माणसाला दोन तासांच्या चालीसाठी त्यांची गरजही नसते. तीन-चार तास घाम गळणार असेल, कपड्यांवर पांढरे डाग पडत असतील, तर बरोबर काहीतरी खारं खायला ठेवा किंवा एखादं पाकीट ओआरएस. ते पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. चवीसाठी अर्ध्या पाण्यात दाट करून पिणारे मी बघितले आहेत. ते चुकीचं आहे, त्यातलं मीठ आणि साखर यांचं प्रमाण मोजूनमापून ठरवलेलं असतं.

टोपी-कपड्यांवर लोक ज्या हिरिरीनं वाद घालतात ते बघून मला मौज वाटते. रंगापेक्षा ढिलेपणा महत्त्वाचा. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात यावर १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण ढिला असल्यामुळे आत हवा खेळती राहते आणि कातडीपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच निघते, असं त्यात दिसलं. तेव्हा पूर्ण बाह्यांचा, सैल, पातळ शर्ट घ्या आणि रंग हवा तो. टोपी चौफेर कडेची, मान झाकणारी. कोरड्या हवेत मानेवर ओलं फडकं अप्रतिम काम करतं. दमट हवेत ते लवकर वाळत नाही, मग त्याचा उपयोग गार पाणी असेल तेवढाच.

अतिनील किरणांचा हिशेब वेगळा, तो उकाड्याशी जोडू नका. गार वारा सुटलेल्या माथ्यावरही कातडी भाजते. दर हजार मीटर उंचीला ही किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर ऊन कडक आहे, अंग झाका. सनस्क्रीन लावणार असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि कान विसरू नका.

वेळेबद्दल ‘पहाटे निघा’ हे सगळेच सांगतात, आणि बरोबरच आहे. हवा सूर्योदयाच्या सुमाराला सगळ्यात गार असते आणि माध्यान्हीनंतर दोन-तीन तासांनी सगळ्यात तापते. पण यात एक सापळा आहे. गारव्यात माणूस भराभर चढतो, माथ्यावर रमतो आणि उतरताना उघड्या कड्यावर, तापलेल्या दगडांत, थकलेल्या पायांनी आणि तळाला गेलेल्या बाटलीनं सापडतो. म्हणून निघायची वेळ ठरवू नका, पायथ्याला परत पोचायची वेळ ठरवा आणि तिथून उलटं मोजत या. दहाला खाली हवं आणि उतरायला दोन तास लागतात, तर आठला माथा सोडायचाच, पोचला असलात किंवा नसलात तरी. संध्याकाळचा मार्ग धरणार असाल तर ज्या कातळानं दिवसभर ऊन खाल्लंय तो अंधार पडल्यावरही बराच वेळ धग सोडतो, हे धरा. झाडीतल्या वाटेवर हा त्रास नाही.

उंचीचा फायदा घेता आला तर जरूर घ्या. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पण पायथ्याच्या भट्टीतून चढत तिथवर जायचं असेल तर तो फायदा वाटेतच खर्च होतो. शक्य असेल तर वरून सुरू होणारी, वरच संपणारी वाट शोधा.

आणि उन्हाळ्यात डोंगरच कशाला? हिवाळ्यातला दहा किलोमीटरचा आकडा तुम्ही मनात धरून बसला आहात, म्हणून तीन किलोमीटर चालणं तुम्हाला हार वाटते. पहाटे उजाडायच्या आत पाणवठ्याजवळ जाऊन दोन तास पक्षी बघत बसा. चांदण्या रात्री ओळखीच्या सपाट वाटेनं चाला. सायकल चालवा, तिच्यावर आपला आपल्याला वारा लागतो. फक्त थांबल्यावर एकदम धग जाणवते, तेव्हा सावलीतच थांबा. पोहा. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं उष्णता काढून घेतं, त्यामुळे उन्हाळ्यात अंगाला भरपूर काम देऊनही न तापणारा हाच एक व्यायाम. पण तिथे उन्हापेक्षा मोठा धोका असतो. तापलेल्या अंगानं गार डोहात उडी मारली की नकळत एकदम जोराचा श्वास ओढला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर तेवढा एक श्वास पुरतो. कडेनं, हळूहळू, मान-छाती भिजवत उतरा. अनोळखी डोहात सूर मारायचा नाही. धरणाखालच्या नदीत पाणी कधीही सोडलं जातं. एकट्यानं तर नाहीच.

उन्हाळ्यातल्या दुपारचे ढगही विसरू नका. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजले आणि तीननं भागले की साधारण किलोमीटर निघतात, पण हा हिशेब करत उभं राहायचं नाही. माथा, एकटं झाड, पाणी सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचं नाही.

आता मुलगी. न्या की. मुलांना ऊन मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं असं पूर्वी सरसकट सांगत. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०११ मध्ये ती भूमिका बदलली : पाणी पुरेसं मिळालं आणि अतिरेक केला नाही तर मुलांची उष्णता सोसायची क्षमता मोठ्यांहून कमी नसते. खरी अडचण अशी की मूल स्वतःला आवरत नाही. खेळात रमलं की थांबत नाही, आणि बाबांबरोबर आहे म्हणून कुरकुर गिळून टाकतं. त्यामुळे तिला पुढे चालू द्या. वेग तिचा, थांबे तिचे, परत फिरायचा निर्णयही तिचा, आणि तो तिनं घेतला तर चेहरा पाडू नका. सरावाचे दोन आठवडे तिलाही तितकेच लागतात, तेव्हा संध्याकाळच्या फेरीला तिला आत्तापासूनच घ्या. ती खेळून आली असेल त्या दिवशी तेवढंच पुरे.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. बरोबरचा माणूस बरळायला लागला, ओळखेनासा झाला, तोल जायला लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडं पडायची वाट बघू नका. चालून-पळून झालेल्या उष्माघातात अंग घामानं भिजलेलंही असतं. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि ते जितका वेळ वर राहील तितकं नुकसान. पहिल्या अर्ध्या तासात ते उतरवायचं. एकानं रुग्णवाहिका बोलवायची आणि बाकीच्यांनी त्याच मिनिटाला गार करायला लागायचं. ओढा, टाकी, टब असेल तर गळ्यापर्यंत पाण्यात, डोकं धरून, एक जण सतत बरोबर. नसेल तर कपडे काढून सगळ्या अंगावर पाणी ओतत राहा आणि जे हाताला लागेल त्यानं वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा, जांघा. आधी गार करायचं, मग हलवायचं. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही, कारण हा ताप नाही.

तुमच्या पुढच्या रविवारी डोंगर नाही, वजनकाटा. तासाभराच्या चालीआधीचं आणि नंतरचं वजन, मध्ये किती पाणी प्यायलात, त्या वेळची आर्द्रता आणि थांबल्यावर एका मिनिटानं नाडी किती होती, एवढे आकडे इथे लिहा. सोबत त्या अंगठीचं आणि लघवीचं काय आठवतं तेही. मग तुमच्या वाटेसाठी बाटल्या किती आणि थांबे किती मिनिटांनी, हे नेमकं सांगता येईल.